शब्दांवर पैसे लावणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मुलामुलींना

प्रिय मुलांनो आणि मुलींनो,

तुमच्यातल्या फार थोड्या जणांना मी ओळखते. गेल्या वर्षी न्यू जर्सीत, एडिसनला, बहिणीच्या मुलाकडे तीन महिने राहिले होते. तेव्हा शनिवार-रविवारी त्याच्याकडे येणाऱ्या पाच-सहा जणांना मी पोहे करून घातलेत, त्यांच्या लग्नाच्या चौकशा केल्यात. त्या हक्काने, मावशी म्हणून हे पत्र लिहितेय. दुसरा हक्क माझ्या नोकरीचा आहे. चौतीस वर्षं मी महाराष्ट्र विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जातं ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, एवढंच माझं काम. मंत्री काय बोलले, विरोधी पक्षनेते काय बोलले, मधेच कोण काय ओरडलं, सगळं. दुसऱ्यांच्या बोलण्यावर माझं घर चाललं. तुम्ही आता त्याच बोलण्यावर पैसे लावताय, आणि ते पाहिल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

एक बुधवार सांगते. भाचा घरून काम करत होता. दुपारी दोन मित्र लॅपटॉप घेऊन आले. अडीच वाजता फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांची पत्रकार परिषद होती. मला आधी कौतुक वाटलं, की व्याजदराचा विषय ही मुलं एवढ्या आस्थेने ऐकतात. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. जुनी खोड आहे, कुणी भाषण करू लागलं की माझं बोट आपोआप गुडघ्यावर रेघोट्या मारत लघुलिपी लिहायला लागतं. पॉवेल 'गुड आफ्टरनून' म्हणाले आणि एकाने मांडीवर थाप मारली. मला काही कळेना. मग त्याचा लॅपटॉप बघितला. डावीकडे शब्दांची यादी होती, प्रत्येक शब्दासमोर सेंटमध्ये भाव. भाच्याने एक शब्द बावीस सेंटला घेतला होता. म्हणजे पॉवेल तो शब्द बोलले तर एका डावाचा एक डॉलर मिळणार, नाही बोलले तर बावीस सेंट गेले. असे त्याने शेकड्यांनी घेतले होते.

मग एका पत्रकाराच्या प्रश्नात तो शब्द आला. भाचा उठून उभाच राहिला. मित्र म्हणाला, "पत्रकाराचा धरत नाहीत रे, पॉवेलच्या तोंडून यायला हवा." पॉवेल यांनी सविस्तर उत्तर दिलं, त्यात तो शब्द नव्हता. भाचा मटकन खाली बसला.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, "मग आता घराचं कर्ज स्वस्त होणार का रे?" तो वर्षभर घर शोधतोय. दर आठवड्याला दलालाचा फोन येतो. त्याने मलाच विचारलं, "काय म्हणाला तो त्याबद्दल?"

त्या उत्तरात घरांबद्दल बोलणं होतं, मुलांनो. माझ्या गुडघ्यावर ते लिहिलं गेलं होतं, आणि मी अर्थशास्त्र शिकलेली बाई नाही. पाऊण तास टीव्हीसमोर बसून, ज्याला त्या माहितीची खरी गरज होती, त्याच्या कानात ती गेलीच नाही. तो एका शब्दासाठी कान लावून बसला होता. बाकी सगळं त्याच्यासाठी खरखर होती.

हे पत्र तुमच्या आईवडिलांच्याही हाती पडेल, म्हणून थोडक्यात सांगते. अमेरिकेत काल्शी आणि पॉलिमार्केट असे बाजार आहेत. पुढे काय घडेल यावर तिथे हो-नाहीचे करार विकत घेता येतात. भाव एक सेंटपासून नव्याण्णव सेंटपर्यंत, खरं ठरलं तर एक डॉलर. निवडणूक कोण जिंकेल, व्याजदर किती घटेल, हे तर असतंच. त्यातच 'मेन्शन' नावाचा एक प्रकार आहे: अध्यक्ष ट्रम्प आजच्या भाषणात अमुक शब्द उच्चारतील का, कंपनीचा प्रमुख तिमाही निकाल सांगताना तमुक शब्द बोलेल का. काल्शीच्या नियमांत त्या शब्दाचं अनेकवचन चालतं, षष्ठीचं रूप चालतं, पण क्रियापदाचा काळ बदललेलं रूप चालत नाही. (मराठीत हे आलं तर काय करतील, याचा मी एक दिवस उगाच विचार करत बसले. 'पाणी' या शब्दावर पैसे लावले आणि मंत्री 'पाण्यासाठी' म्हणाले तर? आमच्या भाषेत मूळ शब्द जसाच्या तसा फार क्वचित तोंडातून बाहेर पडतो.) या सगळ्यावर देखरेख ठेवणारा आयोग, सीएफटीसी, १९७४ साली वायदेबाजारासाठी स्थापन झाला. गहू, मका, कापूस यांच्या वायद्यांसाठी.

कापसाचं नाव निघालं म्हणून माझ्या घरची गोष्ट सांगते. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साचाखात्यात होते. आमच्या आधीच्या पिढीत न्यू यॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर इथे पैसे लागत. १९६१ साली ते भाव यायचे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रींनी आपला वेगळा. मला आठवतो तो हा मटका. रात्री नऊला ओपनचा आकडा, बाराला क्लोजचा. चाळीच्या जिन्यात कुणीतरी आकडा घेऊन यायचा आणि एकेका खोलीचा दिवा विझायचा.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, मुंबईत पायधुणीला पावसावर सट्टा चाले. अमुक वेळात पन्हळीतून पाणी वाहण्याइतका पाऊस पडतो का, यावर. तो एवढा माजला की १८९० साली मुंबईच्या जुगारबंदीच्या कायद्यात पावसाच्या सट्ट्यासाठी मुद्दाम दुरुस्ती करावी लागली. तेव्हा जुगार म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकायला लागलेलं नाही, आणि मी त्या जुन्या जुगाराची बाजू घेत नाहीये. आमच्या घरातली भांडी त्याने मोडीत गेली आहेत. तरीही एक फरक तुमच्यासमोर ठेवते. पाऊस सटोडियांना विचारून पडत नव्हता. न्यू यॉर्कचा कापूस लालबागच्या साचेवाल्याचं ऐकत नव्हता. ज्यावर पैसे लावायचे ते आपल्यातल्या कुणाच्या हातात असता कामा नये, एवढं तिथे प्रत्येकाला कळत होतं. आकडा दूरदेशचा का, तर तो इथल्या कुणाला हलवता येत नाही म्हणून. तुम्ही ज्यावर पैसे लावताय ती एका जिवंत माणसाची जीभ आहे. ती त्याला हवी तशी वळते.

हे मला सहाव्या वर्षीच कळलं होतं. पहिल्या पाळीला निघताना वडील मला उठवायचे. "बोल गं, एक आकडा बोल." लहान मुलाच्या तोंडून येईल तो आकडा लागतो, असा समज होता. मी 'सात' म्हणायची. सात आला की संध्याकाळी कागदात जिलबी. नाही आला की वडील दोन-दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. मारलं कधी नाही, नुसते बोलायचे नाहीत. हळूहळू मी आकडा सांगण्याआधी त्यांचा चेहरा वाचायला शिकले. काल कुठला लागला, आज ते कुठला ऐकायला उत्सुक आहेत, हे ओळखून बोलायला लागले. आणि शेवटी त्यांची पावलं वाजली की झोपेचं सोंग घ्यायला शिकले. माझ्या तोंडच्या आकड्याला जगात काहीच अर्थ नव्हता. तरी त्यावर पैसे होते, म्हणून माझं बोलणं बदललं.

आता ३० ऑक्टोबर २०२५ ला काय झालं ते आठवा. तुमच्यातल्या कित्येकांनी ते त्याच दिवशी मोबाइलवर पाहिलं असेल. कॉइनबेस या क्रिप्टोचलनाच्या कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग तिमाही निकालांवर बोलत होते. शेवटी त्यांनी सांगितलं, की आपण काय बोलू यावर लागलेले डाव मी बघत होतो, आणि मग बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन, स्टेकिंग, वेब थ्री असे शब्द एकामागून एक म्हणून टाकले. त्या शब्दांवर सुमारे ८४ हजार डॉलर लागले होते. नंतर त्यांनी सांगितलं, की सहकाऱ्याने त्या डावांचा दुवा पाठवला आणि ते आयत्या वेळी सुचलं. मी त्यांचा शब्द खरा धरते. भाच्याच्या घरी त्याची चित्रफीत पुन्हा पुन्हा लावून मुलं हसत होती, मला हसू आलं नाही. भागधारकांना कंपनीचा हिशेब सांगायची ती वेळ. त्यात पाच शब्द असे आले, की ज्यांना मागचंपुढचं वाक्यच नव्हतं. चौतीस वर्षांत मी असंख्य पोकळ भाषणं उतरवून घेतली. पण पोकळ भाषणातही माणूस समोरच्याला काहीतरी पटवत असतो, काहीतरी लपवत असतो, निदान वेळ काढत असतो. इथे शब्द समोरच्यासाठी नव्हताच. तो कुणाच्या तरी खात्यात पैसे जावेत म्हणून उच्चारला गेला.

आणि ते त्यांनी उघडपणे केलं. जे उघड होणार नाही त्याचं काय?

राज्यपालांचं अभिभाषण मंत्रिमंडळ मंजूर करतं आणि ते छापून आधीच तयार असतं. ते कोण कोण वाचतं माहितीये? मसुदा करणारा अधिकारी, टंकलेखक, भाषांतरकार, छापखान्यातला मुद्रितशोधक, गठ्ठे वाहून नेणारा शिपाई. मी यातल्या प्रत्येकासोबत काम केलंय, चांगली माणसं. अमेरिकेतही वेगळं नाही. भाषण लिहिणारे, तपासणारे, टेलिप्रॉम्प्टर चालवणारे असतात, आणि मोठ्या भाषणांची प्रत पत्रकारांना आधी दिली जाते. यातल्या कुणाचाही रूममेट, मेहुणा, शाळूसोबती तुमच्या समोरच्या बाजूला बसलेला असू शकतो. तुम्ही बावीस सेंटला 'हो' घेता, तेव्हा 'नाही' घेणारा कुणीतरी असतोच. तो कोण आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. बाजारांच्या नियमांत आतल्या माणसांना मनाई आहे, हे भाच्याने मला ऐकवलं. पण मी आतलीच होते, आणि सांगते की शब्दाला कुलूप लागत नाही. शेअरबाजारात निदान कंपनी असते, तिचा कारखाना असतो, हजार गोष्टींनी भाव ठरतो. इथे सगळं एका ओळीवर आहे, आणि ती ओळ कुणीतरी आधी वाचलेली आहे.

यावर तुम्ही म्हणाल, मावशी, पॉवेल यांच्या प्रश्नोत्तरांना काही लिखित नसतं. बरोबर आहे. जिथे लिखित नसतं तिथे वेगळंच होतं. जानेवारी २०२६ मध्ये व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेव्हिट यांनी पत्रकार परिषद ६५ मिनिटं व्हायला अर्धाएक मिनिट उरलं असताना संपवली. ती ६५ मिनिटं चालेल का, यावर पैसे लागलेले होते. लगेच बोभाटा झाला. त्यांनी ते मुद्दाम केलं याला काडीचाही पुरावा नाही, आणि माझा त्यांच्यावर आरोपही नाही. कागद आवरून उठणं हे किती साधं आहे! मी सभागृहात हजारदा पाहिलंय. पण आता साध्या उठण्याकडेही संशयाने बघायचं. एखाद्या मंत्र्याने भूकंपात मेलेल्यांबद्दल बोलताना एखादा शब्द टाळला, तर तो दुःखाने टाळला की डावासाठी, हा प्रश्न मनात येणारच. एकदा आला की जात नाही.

पॉलिमार्केटवर २०२५ च्या उन्हाळ्यात युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सूट घालतील का, यावर २० कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली. जूनमध्ये नाटोच्या बैठकीला ते काळा कोट घालून गेले, आणि तो सूट आहे की नाही यावर बरेच दिवस रण माजलं. शेवटी 'नाही' ठरलं. तिकडे रोज क्षेपणास्त्रं पडत होती. त्या माणसाने पहिल्या दिवसापासून साधे कपडे घातले ते सैनिकांच्या सोबत आहोत हे दिसावं म्हणून. आणि जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो पकडले गेले, तेव्हा ते सत्तेवरून जातील यावर आदल्या काही दिवसांत पैसे लावलेल्या एका खात्याने चार लाख डॉलरहून जास्त कमावले. अमेरिकी संसदेतले न्यू यॉर्कचे प्रतिनिधी रिची टॉरेस यांनी त्यानंतर, सरकारी माणसांना आतल्या माहितीवर असे डाव खेळता येऊ नयेत म्हणून विधेयक आणलं. चांगलं केलं. पण विधेयक आतल्या माणसाला अडवेल, तुमचे कान परत आणून देणार नाही.

भाच्याचा एक मुद्दा मी प्रामाणिकपणे ऐकून घेतला. तो म्हणाला, लोक पैसे लावतात म्हणून खरा अंदाज कळतो, जनमत चाचण्यांपेक्षा चांगला. निवडणुकीच्या किंवा व्याजदराच्या बाबतीत असेल तसं. त्यावर वाद घालण्याइतकं मला कळत नाही. कापसाचा वायदा करणाऱ्याच्या घरात कापूस असतो, भाव पडला तर त्याचं नुकसान व्हायचं असतं, म्हणून तो आधीच सौदा करून ठेवतो, हेही कळतं. पण ट्रम्प आज एक ठरावीक शब्द बोलतील की नाही, हे आधी कळून कुणाचं काय वाचणार आहे? कुठल्या शेतकऱ्याचं, कुठल्या दुकानदाराचं? मी त्याला तीनदा विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो हुशार मुलगा आहे.

सात महिन्यांत त्याचे ११,४०० डॉलर गेले. कुठल्या बाजारात ते सांगत नाही, त्याने काही बदलत नाही. मला ते कळलं ते मी निघायच्या चार दिवस आधी, मध्यरात्री, तो स्वयंपाकघरात दिवा न लावता उभा होता तेव्हा. घरासाठी साठवलेल्या पैशांतले होते. माझ्या बहिणीला अजून माहीत नाही. हे छापायची परवानगी त्यानेच दिली, म्हणाला, "मावशी, लिही, माझ्यासारखे अजून चारजण तरी त्या एकट्या गटात आहेत." तो दारू पीत नाही, कॅसिनोत कधी गेला नाही. त्याला हा जुगार वाटलाच नाही. त्याला वाटलं आपण बातम्या चांगल्या समजून घेतो, भाषणं बारकाईने ऐकतो, त्याचे पैसे मिळतायत. न्यू जर्सीत खेळांवर पैसे लावायला वय एकवीस लागतं, या बाजारांत अठरा पुरतं. तुमच्यातल्या काहींची धाकटी भावंडं यंदा कॉलेजला गेलीयत. त्यांचा फोन एकदा मायेने बघा.

भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पुढे काय घडेल यावर पैसे लावायची इथली ॲपंही त्यात गेली. तेव्हा 'तिकडे चालतं, इकडे का नाही' असं विचारणारी मुलं पुण्यातही आहेत. ती तुमच्याकडे बघतात, हे लक्षात असू द्या.

सभागृहात एक पद्धत आहे. सदस्य रागाच्या भरात नको ते बोलला, की अध्यक्ष म्हणतात, हे शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत. मग आम्ही ते उतरवलेल्या प्रतीतून काढायचो. पण काढण्याआधी मी तो शब्द एकदा नीट वाचायची. कारण तो कुणीतरी कुणालातरी म्हटलेला असायचा. अपमान असेल, पण माणसाने माणसाला केलेला. ज्याला म्हटला त्याचा चेहरा मी समोरून पाहिलेला असायचा. भाषण म्हणजे एवढंच असतं. कुणीतरी, कुणालातरी, कशासाठीतरी. तुमच्या यादीत या तिन्हींपैकी काहीच नाही. तिथे शब्द एकटा पडलेला आहे, समोर भाव लावून. तुम्ही ज्या देशात कर भरता, ज्याच्या व्हिसाच्या रांगेत उभे आहात, तिथला अध्यक्ष तुमच्याच व्हिसाबद्दल बोलत असताना तुम्ही भलत्याच शब्दाची वाट बघत बसलात, तर तुमच्या वाटचं ऐकणार कोण?

म्हणून हात जोडून सांगते, हे सोडा. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी घरी सांगा, आधी आईला नाही जमलं तर बहिणीला सांगा, मावशीला सांगा. न्यू जर्सीत १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर चोवीस तास माणूस बोलतो, भाच्याने तिथे फोन केलाय. आणि ज्यांच्या हाताखालून कंपनीच्या प्रमुखांची भाषणं, मसुदे, मथळे जातात, त्यांनी तर या बाजाराच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

मी पुन्हा एडिसनला येतेय. भाच्याने ॲप काढून टाकलंय, पण भाषण लागलं की अजून त्याचा हात खिशाकडे जातो म्हणतो. तर आम्ही दोघांनी ठरवलंय. मी आल्यावर पहिलं जे मोठं भाषण होईल, त्या दिवशी सगळ्यांचे फोन आतल्या खोलीत पलंगावर ठेवायचे आणि भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचं. मी लघुलिपीत उतरवून घेईन, इंग्रजीचा वेग अजून हातात आहे. नंतर जेवताना कोण काय म्हणाला आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, एवढंच बोलायचं. ज्यांना यायचंय त्यांनी या. पोहे सहा जणांपुरते वाटतील, दहा आलात तरी पुरवीन.

तुमची,
भाच्याची मावशी
(निवृत्त प्रतिवेदक, मुंबई)